1967 सालच्या एलपी एका दिवसात कशा ऐकाव्यात

आमच्या घरात 1967 म्हटलं की कोयनेचा भूकंप. 11 डिसेंबरची पहाट, चार वाजून गेलेले, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर दुरुस्तीला आलेले रेडिओ फळीवर खडखडायला लागले. मी चार महिन्यांची होते. आईने मला उचललं आणि ती जिन्याने खाली पळाली. बाबा मात्र दोन्ही हात पसरून फळीला टेकून उभे राहिले, कारण रेडिओ लोकांचे होते. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की मला ती स्वतःलाच आठवते असं वाटतं.

बाबांचं दुरुस्तीचं दुकान तापकीर गल्लीत होतं. त्यांच्याच टेबलावर मी सोल्डरिंग शिकले आणि गेली तीस वर्षं रेकॉर्ड प्लेयर आणि अँप्लिफायर दुरुस्त करते. गिऱ्हाईक मशीन घेऊन जाताना हमखास विचारतं, "ताई, आता यावर काय ऐकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. माझ्या जन्मसालच्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, ऐका, आणि एका दिवसात, घड्याळाकडे बघून ऐका.

घड्याळाकडे बघून का, ते सांगते. त्या एका वर्षात दोन एलपी निघाल्या, एक मुंबईत आणि एक लंडनमध्ये. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हींची कल्पना एकच: पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. मुंबईची ती 'कॉल ऑफ द व्हॅली', काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. लंडनची ती मूडी ब्लूज या इंग्लिश बँडची 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'. रागाला वेळ असतो हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. मग त्या वर्षाच्या बाकीच्या रेकॉर्ड्सही वेळ बघून का लावू नयेत? मी तसं करून पाहिलं आणि आता दरवर्षी एका रविवारी करते. त्याची ही सगळी रीत.

आधी मशीन

सगळ्यात आधी वेग तपासा. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे फिरते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर 100. टर्नटेबलच्या कडेला कागदाचा छोटा कपटा चिकटवा, रेकॉर्ड ठेवून पिन टेकवा, मोबाईलवर तीन मिनिटं लावा आणि मोजा. 98 भरले किंवा 102 भरले तर पट्टा, पुली किंवा तेलपाणी बघायला हवं. बाकी कशातही तडजोड करा, वेगात नको. वेग चुकला की स्वर चुकला, आणि स्वर चुकला की अहिरभैरव ऐकण्यात काही अर्थ उरत नाही.

हे मला शिकवलं एका अमेरिकन मशीनने. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. कोरेगाव पार्कच्या आश्रमात आलेले परदेशी तरुण परत जाताना सामान विकून जायचे, त्यातलं एक मशीन बाबांकडे आलं. 110 व्होल्टचं होतं म्हणून बाबांनी ट्रान्सफॉर्मर जोडला. मशीन छान फिरू लागलं. त्यावर आमच्या घरातली रोजची गाण्याची रेकॉर्ड लावली आणि मला काहीतरी खटकलं. मी पेटी शिकत होते, त्या रेकॉर्डचा सा काळी दोनचा हे मला पाठ होतं. पेटी ओढली, स्वर लावून पाहिला. सा पांढरी एकला उतरला होता. मी म्हटलं, "बाबा, गायक खाली गेलाय." बाबांनी बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. त्या जातीची मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालते, म्हणून ती सहाला पाच अशा प्रमाणात मंद झाली. आणि सहाला पाच हे प्रमाण म्हणजे सा पासून कोमल गंधाराचं अंतर! पेटीवर मोजून तीन पट्ट्या. विजेचं गणित आणि स्वराचं गणित एकच आहे हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी लेथवर एक दशांश दोन पट व्यासाची पितळी पुली करून घेतली आणि सा परत काळी दोनला आला.

तेव्हा परदेशातून मशीन आणलं असेल तर मागच्या पट्टीवर 50 हर्ट्झ लिहिलंय का ते बघा. नव्या डीसी मोटरच्या मशीनला ही अडचण येत नाही.

दुसरं, बैठक. पेठेतल्या जुन्या घरांच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चाललं तरी पिन उडते. मशीनखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि फरशीखाली चार कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबच्या घड्या. वरून गवंड्याची पाणसळ ठेवून चारी बाजूंनी सपाटी बघा. एवढ्या साध्या खर्चात जो फरक पडतो तो महागड्या केबलने पडत नाही.

तिसरं, पिनेचं वजन. हल्लीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (पिन जिच्यात बसते ती छोटी डबी) साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतं, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. बाजारात ग्रॅम मोजायचे छोटे डिजिटल काटे मिळतात, एक घेऊन ठेवा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जास्त टिकते असं खूप जणांना वाटतं. ते उलटं आहे. हलकी पिन खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि भिंती खरवडते. पेटीसारख्या उघडमीट करायच्या स्वस्त प्लेयरवर मात्र पिनेचं वजन चार-पाच ग्रॅम असतं. त्यावर जुनी, जपलेली स्टिरिओ रेकॉर्ड लावू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि फोनो प्री-अँप. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात, नाहीतर खर्जाच्या रुंद खाचांनी सगळी जागा खाल्ली असती. ऐकताना ते उलटं करून घ्यावं लागतं, ते काम हा प्री-अँप करतो. टर्नटेबल थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये, खुपसलं की आवाज कोरडा आणि किरटा येतो तो यामुळेच. दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या याच एका कारणाच्या असतात.

रेकॉर्ड्स

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, कारण रेकॉर्ड उन्हात बघायची असते. दोन तळव्यांत कडेने धरा, तिरकी करा. केसासारखे बारीक ओरखडे फारसे ऐकू येत नाहीत. नख फिरवल्यावर अडतो तो चरा मात्र दर फेऱ्याला टक् करणार. पुण्याच्या पावसाळ्यात कव्हरमध्ये दमट राहिलेल्या रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसतात, ती बुरशी. तिला घाबरू नका, धुतली की जाते. पण सगळी खाचच करडी पडलेली दिसली तर जड पिनेने तिची झीज झालेली आहे. ती परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

भारतात एचएमव्ही कंपनीच्या एलपी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबल्या जायच्या. त्यांच्या क्रमांकाची अक्षरं बघायची सवय लावा. अक्षरांच्या शेवटी 'एसडी' असेल तर स्टिरिओ (दोन स्पीकरना वेगवेगळा आवाज), 'एलपी' असेल तर मोनो (दोन्हींना एकच). त्या काळात एकच रेकॉर्ड दोन्ही प्रकारांत निघायची.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबर कापड खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मी त्यावर स्टीलची वाटी पालथी धरते. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून भांड्यांच्या जाळीत उभी ठेवायची, सावलीत. जुन्या 78च्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

मशीन नसेल तर फोनवर ऐका, त्यात कमीपणा नाही. फक्त शफल बंद करा, ऑटोप्ले बंद करा, आणि मूळ अल्बमएवढीच गाणी ऐका. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या नंतरच्या सीडीत शेवटी जास्तीचे तुकडे जोडले आहेत. ते त्या दिवशी नकोत. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'चं 1978 मध्ये नव्याने मिक्सिंग (वेगवेगळ्या आवाजांची एकत्र जुळणी) झालं आणि पुढे कितीतरी वर्षं सीडीवर तेच मिळत राहिलं. मूळ 1967 चं मिक्स 2017 च्या आवृत्तीत परत आलं, ते शोधा. आणि एक बाजू संपते तिथे थांबून उठा. वीस मिनिटं ऐकायचं, मग उठून रेकॉर्ड उलटायची, ही त्या वर्षीच्या संगीताची लय आहे. वाजवणाऱ्यांनी ती डोक्यात धरून गाणी रचली होती.

दिवस

पहाटे साडेपाचला उठा. दिवा लावू नका. 'कॉल ऑफ द व्हॅली'ची पहिली बाजू, आवाज अगदी लहान.

शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. यातले पहिले तिघे मुख्य कलाकार, तेव्हा तिशीच्या आसपासचे होते. संतूर शास्त्रीय संगीताला चालत नाही असं म्हणणारे खूप होते, गिटार तर विलायती वाद्य. ती आडवी ठेवून तारेवर कांडी सरकवत काब्रा मींड काढतात. ज्या दोन वाद्यांना मैफलीत जागा मिळवायची होती त्यांना घेऊन जी. एन. जोशींनी एचएमव्हीसाठी ही रेकॉर्ड केली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. संगीत नाटकांच्या आणि भावगीतांच्या काळात वाढलेला हा माणूस, त्याने नव्या पोरांवर विश्वास टाकला.

आता नेमकं काय ऐकायचं ते. सुरुवात अहिरभैरवात होते: रिषभ कोमल, निषाद कोमल, धैवत शुद्ध. पुढे नटभैरव येतो आणि तिथे रिषभ शुद्ध होतो, निषाद शुद्ध होतो, धैवत कोमल होतो. गंधार आणि मध्यम जागचे हलत नाहीत. स्वरज्ञान नसलं तरी हा बदल कळतो, कारण तो उजेडासारखा येतो. खिडकीकडे तोंड करून बसा. आमच्या नारायण पेठेत त्या वेळेला दूधवाल्याची गाडी येते आणि समोरच्या कौलांवर करडा रंग चढतो. बरोबर तेव्हा तो शुद्ध रिषभ लागतो. मी हे इतक्या वर्षांत इतक्यांदा अनुभवलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. पहिला तुकडा संपला की पिन उचला. पुढचा पिलू आहे, त्याची वेळ दुपारनंतरची. (पहिल्यांदाच ऐकत असाल तर उचलू नका, अख्खी रेकॉर्ड एकदा सलग ऐकून घ्या. घड्याळ दुसऱ्या खेपेला.)

चहा झाल्यावर 'वेस्ट मीट्स ईस्ट'. यहुदी मेन्युहिन आणि पंडित रविशंकर. मेन्युहिन 1952 मध्ये भारतात आले तेव्हापासूनची त्यांची ओळख. पहिल्या बाजूवर 'प्रभाती' आहे, गुणकलीवर बांधलेली, व्हायोलिनला अल्लारखांचा तबला. मेन्युहिन लिहून दिलेलं वाजवतात, तरी कोमल रिषभावर त्यांचं बोट जरा थबकतं, जगातला एवढा मोठा व्हायोलिनवादक एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखा जपून पाऊल टाकतो. ते थबकणं मला फार आवडतं. या रेकॉर्डला चेंबर म्युझिकचं ग्रॅमी मिळालं. तिच्यावर तिलंगातली जुगलबंदीही आहे, ती रात्री ऐका. दुसऱ्या बाजूवर एनेस्कूचा सोनाटा आहे, बहीण हेफझिबा पियानोवर.

आठ-साडेआठला मूडी ब्लूजची पहिली बाजू. पहाट, सकाळ, जेवणाची सुट्टी, अशी नावंच आहेत. मध्ये मध्ये पीटर नाइटच्या हाताखालचा वाद्यवृंद येतो. त्या वाद्यवृंदाचे काही भाग मला जास्त गोड वाटतात, पोह्यात साखर जास्त झाल्यासारखे. पण बँडचा मेलोट्रॉन ऐका. हा कीबोर्ड असा, की पट्टी दाबली की आत खऱ्या व्हायोलिनच्या टेपचा तुकडा फिरतो. माझ्या हाताखालून तो कधी गेला नाही, एकदा उघडून बघायची फार इच्छा आहे.

स्वयंपाकाच्या वेळेला अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन. 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू', मार्च 1967. पियानो तिचा स्वतःचा आहे, हे लक्षात ठेवून ऐका. गाणारी आणि वाजवणारी एकच असली की श्वास आणि ठोका वेगळे राहत नाहीत. शीर्षक गाणं अलाबामातल्या मसल शोल्स गावात जानेवारीत ध्वनिमुद्रित झालं, बाकीचं बहुतेक न्यूयॉर्कमध्ये. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ओटिस रेडिंगचं, त्याने स्वतः आधी गायलेलं. त्यात पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथाने ते बाईच्या तोंडी घातलं आणि शब्दांत थोडाच बदल करून सगळा अर्थ फिरवला. तापकीर गल्लीत "दुरुस्तीवाले कुठं गेले?" असं मला विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी तीस वर्षं "मीच" असं सांगत आलेय. त्यामुळे या गाण्याशी माझं नातं जवळचं आहे.

आणि एक गोष्ट, जी मला वेळेचा हिशेब करताना सापडली. ओटिस रेडिंगचं विमान 10 डिसेंबर 1967 ला विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यात कोसळलं, तिथली दुपारी साडेतीनची वेळ. आपल्याकडे तेव्हा 11 तारीख लागली होती आणि पहाटेचे तीन वाजत होते. त्यानंतर दीड तास गेला नाही तोच बाबा फळीला टेकून उभे होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला कळतं. तरी ते गाणं लागलं की मी क्षणभर हातातलं लाटणं खाली ठेवते.

जेवण झाल्यावर दार लावून घ्या. आता 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. बीटल्सची ही रेकॉर्ड मे 1967 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये दुकानांत आली. आज मोबाईलवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात. त्यांच्याकडे चार ट्रॅकची, म्हणजे एका टेपवर चार आवाज वेगवेगळे भरायची, टेप मशीन होती. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या मशीनवर एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. दर उतरवणीला थोडी खरखर वाढते आणि एकदा उतरवलं की मागे जाता येत नाही. म्हणजे तबला किती, पेटी किती, हा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागायचा. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांचं कौतुक करायचं ते इथे. मोनो मिळाली तर मोनोच ऐका. बीटल्स स्वतः मोनो मिक्सिंगला बसले होते, स्टिरिओवर त्यांनी तेवढा वेळ दिला नाही. 2017 चं नवं स्टिरिओ मिक्स त्या मोनोकडे बघून केलेलं आहे, तेही चांगलं.

पहिली बाजू सलग ऐका, गाण्यांमध्ये नेहमीची मोकळी जागा फारशी ठेवलेलीच नाही. मग रेकॉर्ड उलटा, आणि इथे मला थोडं थांबायचंय.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं जॉर्ज हॅरिसनचं. बाकीच्या तिघांपैकी त्यात कोणीही नाही. लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक तबला, दिलरुबा, स्वरमंडल, तानपुरे घेऊन बसलेले, आणि वरून मार्टिनने लिहिलेली आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो. दिलरुबा गळ्याच्या मागे सावलीसारखी चालते, आपल्याकडे पेटी साथीला चालते तशी. स्वर खमाज थाटाच्या वळणाचे. गाणं संथ त्रितालात जातं, पण मधला वाद्यांचा भाग आला की मांडीवर हात ठेवा आणि मोजा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन, तीन, दोन, तीन. झपताल! माझा भाचा गिटार शिकतो, त्याला तिथे "पाच पाचचं काहीतरी" वाटत होतं आणि हात चुकत होता. मी त्याला बोल म्हणायला लावले, आणि दुसऱ्याच आवर्तनाला तो समेवर आला. "मावशी, हे तर तुझ्या आरतीसारखं सोपं आहे," म्हणाला. सोपं नाही ते. फक्त आपल्या घरातलं आहे. ही दहा मात्रांची मोजणी विसरू नका, संध्याकाळी लागणार आहे.

कव्हरही हातात घेऊन बघा. गर्दीत चार भारतीय योगी आहेत, हॅरिसनच्या आग्रहावरून. गांधीजींचा चेहराही होता, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीने काढायला लावला. शेवटचं गाणं संपताना अनेक पियानोंवर एकाच वेळी दाबलेला एक स्वरमेळ चाळीस सेकंदांहून जास्त विरत जातो. पिन चांगली आहे की नाही याची याहून सोपी परीक्षा नाही: सूर मावळेपर्यंत फक्त सूर ऐकू आला पाहिजे. त्यानंतर 15 किलोहर्ट्झची शिट्टी आहे. भाचा कानावर हात ठेवतो. मला काहीच ऐकू येत नाही, वयाने तो सूर नेला.

साडेचारला 'कॉल ऑफ द व्हॅली'चा राहिलेला पिलू, चहाबरोबर. मग आवाज वाढवायची वेळ. शेजारच्या आजी दुपारी पडतात, म्हणून जिमी हेंड्रिक्सला मी पाचच्या आधी हात लावत नाही. 'आर यू एक्सपीरियन्स्ड' घेताना मागची यादी बघा, इंग्लंड आणि अमेरिका इथल्या आवृत्त्यांत गाणी वेगवेगळी आहेत. तिघंच वाजवणारे, आणि हेंड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरलेली. 'द डोअर्स' या बँडच्या त्याच नावाच्या एलपीच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं अकरा मिनिटांहून मोठं आहे. गिटारची एक तार तानपुऱ्यासारखी मागे घुमत राहते, तेवढ्यासाठी नक्की ऐका. पिंक फ्लॉइडची पहिली एलपी आणि अँडी वॉरहॉलच्या केळ्याच्या कव्हरची 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' याही त्याच वर्षीच्या. एका दिवसात सगळं बसवायला जाऊ नका, कान थकतो. या दोन दुसऱ्या रविवारी.

साडेसहाला मूडी ब्लूजची दुसरी बाजू, दुपार ते रात्र. मग देवापुढे दिवा लावून 'कॉल ऑफ द व्हॅली'ची दुसरी बाजू, भूप. पाचच स्वर, मध्यम नाही, निषाद नाही. आणि ताल? मांडीवर हात ठेवा. धी ना, धी धी ना. तोच झपताल, जो दुपारी लंडनच्या स्टुडिओतून आला होता. एकाच वर्षी, समुद्राच्या दोन टोकांना, त्याच दहा मात्रा. हे पुस्तकात वाचून कळत नाही, एका दिवसात दोन्ही ऐकल्यावर हाताला कळतं. त्यासाठीच मी लोकांना एका दिवसात ऐका म्हणते.

जेवणं उरकली की तिलंग राहिला असेल तो ऐका, आणि लेनर्ड कोहेनची पहिली एलपी. ती वर्षाच्या अगदी शेवटी, 27 डिसेंबरला आली. खर्जातला आवाज, एक गिटार, मागे बायकांचा कोरस. बोलल्यासारखं गातो. मोठ्याने लावू नका.

दहा वाजता भूपच्या पुढे पिन टेकवा. देस दादऱ्यात येतो, सहा मात्रा, झोक्यासारखा. मग पहाडी, आणि मेंढपाळाचा दिवस संपतो. पहाडी चालू असताना दिवा मालवून घेतला तर बरं. बाबा शेवटी अंथरुणाला खिळलेले होते तेव्हा मी रोज रात्री हीच बाजू लावायची, आणि ते डोळे मिटून तबल्याबरोबर बोटं हलवत राहायचे. एके रात्री बोटं थांबली, मी घाबरून बघायला गेले, तर म्हणाले, "जागा आहे मी. पिन उचल, शेवटच्या खाचेत फिरत ठेवू नकोस, झिजते."

पिन उचला, ब्रश मागून पुढे एकदाच फिरवा, झाकण लावा. रेकॉर्ड आतल्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड वरच्या बाजूला येईल अशी कव्हरमध्ये सरकवा, आणि उभी ठेवा.